साल

महिन्याच्या पहिल्या शनिवारी
मी बिस्किटांचा डबा घेऊन निघते.
पत्र्याचा. झाकणावर चहा पिणारी एक बाई होती,
आता नुसती कपबशी उरलीय.
आत पक्षाची वर्गणी.
माझं वय एकाहत्तर,
आणि वाल द सोब्रेइराच्या शाखेत
'ए पोरी' अशी हाक येते ती मलाच.

पूर्वी फेरीला अख्खा दिवस जायचा.
आता ओतून ठेवलेली कॉफी निवायच्या आत परत.

जासिंतोच्या घराचा निळा पट्टा नव्यानं रंगवलाय:
आत जर्मन जोडपं राहतं, कुत्र्यासकट.
व्हिदाउलला ऐकू येत नाही,
पण डबा वाजवून दाखवला की तो खिसा चाचपतो.
ग्रासिंदा दोन युरो देते,
एक स्वतःचा, एक नवऱ्याचा.
नवरा जाऊन चार वर्षं झाली.
मी पावत्या दोन फाडते.

पंच्याहत्तरमध्ये जमीनदाराचं शेत ताब्यात घेतलं
तेव्हा मी वीसची होते,
ट्रॅक्टरवर उभी, पायात वडिलांचे बूट.
वाटायचं, तरुण असणं आणि आमच्या बाजूचं असणं
ही एकच गोष्ट.
माझा नातू रुबेन बावीसचा आहे.
त्यालाही अगदी तसंच वाटतं,
फक्त बाजू दुसरी.
जेवताना त्याच्या फोनमधून कुणीतरी ओरडत असतं,
परक्यांबद्दल, चोरांबद्दल.
मी म्हणते, आवाज कमी कर. तो करतो.
गुणी मुलगा आहे.

रविवारी मतदान शाळेत झालं.
ही शाळा दोनदा बंद पडता पडता राहिली.
वाचली ती प्लास्टिकखालच्या रासबेऱ्यांमुळे,
म्हणजे त्या तोडायला नेपाळातून आलेल्या माणसांमुळे.
अकरा मुलं. त्यातली नऊ त्यांची.
त्यांच्या आईबापांना मत नाही,
मतपेटी मात्र पोरांच्या बाकावर.
मागे भिंतीवर चित्रं: घर, सूर्य, डोंगर.
आमच्या सपाट मुलखात डोंगर कुठून?

रात्री आकडे वाचले.
मागच्या वेळी आम्ही त्रेसष्ट, यंदा एकेचाळीस.
रुबेनचे चारावरून अडतीस.
कुणी काही बोललं नाही.
व्हिदाउलनं विचारलं, जिंकलो का?

घरी येऊन मी बावीसचा हिशेब मांडला.
एकोणीस तर स्मशानात, नावानिशी ठाऊक,
सगळ्यांना फुलं मीच नेली होती.
तीन उरले.
तीन जण जिवंत आहेत,
माझ्याकडून पावती घेतात,
कदाचित 'ए पोरी' म्हणतात.
त्या रात्री पहिल्यांदा वाटलं,
मेलेल्यांवर किती निर्धास्त विसंबता येतं.

सोमवारी कुस्तोदिओ कुऱ्हाड घेऊन टेकाडावर गेला.
बुचाच्या झाडाची साल तो अशी उतरवतो
की झाडाला कळूही नये.
आत खोड लाल, ओलं, लाजल्यासारखं.
साल काढली की तिथंच साल लिहायचं,
पांढऱ्या रंगानं, शेवटचा एकच आकडा.
यंदाचा सहा.
पुन्हा हात लावायचा तो नऊ वर्षांनी.
झाडांचं बरं असतं.

मी बघत उभी होते, काखेत डबा.
दिल्मायाची बिपना शाळेतून येताना थांबली.
आमच्याच गावचं पोर्तुगीज बोलते, शब्दांची शेपटं खाऊन.
"यात बिस्किटं आहेत?"
"संपली."
"आणि तो सहा कुणाचा?"
मी सांगितलं.
पुन्हा साल निघेल तेव्हा तू अठराची होशील, म्हटलं.
कागद मिळाले असतील, तर त्या बाकाशी उभीही राहशील.
कुणासाठी, ते विचारलं नाही.
तिच्या बापाचा मालक कोण, खोलीत माणसं किती,
हेही मी आजवर कुठं विचारलंय?

"आणि तेव्हा तुम्ही?"
मी म्हटलं, मी हिशेबात कच्ची आहे.
तिनं दप्तर खाली ठेवलं
आणि माझं वय विचारून
बोटांवर मोजायला लागली.